मदत हवी आहे: इंटरनेट बंद असलेल्या पीसीकडून लांबलचक डीएनएस क्वेरी. चोरवाट की अँटीव्हायरस?

मंडळी, सिक्युरिटीत काम करणारं कोणी असेल तर जरा डोकं लावा.

एका पतसंस्थेचं नेटवर्क बघतो. काउंटरवरच्या पीसींना इंटरनेट नाही, फायरवॉलवर त्यांचा बाहेरचा रस्ता बंद आहे. पण डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा मुख्य सर्व्हर) हाच डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा, आणि त्याला माहीत नसलेली नावं तो आयएसपीकडे फॉरवर्ड करतो. लॉग चालू केला तर एका पीसीकडून विचित्र क्वेरी जाताना दिसल्या. सुरुवातीला पन्नासेक अक्षरांचं निरर्थक जंजाळ, शेवटी कुठलंतरी डोमेन. काही ए रेकॉर्डच्या (आयपी पत्ता विचारणाऱ्या), काही टीएक्सटीच्या (मजकूर मागणाऱ्या). काउंटर बंद झाल्यावरही चालूच.

डीएनएस टनेलिंगबद्दल वाचलंय. नावाच्या एका तुकड्यात ६३ अक्षरं बसतात, पूर्ण नावात अडीचशेच्या आसपास. माहिती त्यात कोंबायची, की क्वेरी त्या डोमेनच्या मालकाच्या सर्व्हरपर्यंत आपसूक पोचते. पीसीने स्वतः बाहेर एकही कनेक्शन उघडलेलं नसतं. हमाली आपलाच सर्व्हर इमानेइतबारे करतो! २०२० मध्ये उघडकीला आलेल्या सोलरविंड्स प्रकरणातलं (त्या कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमधून पसरलेलं) सनबर्स्ट मालवेअरही आपण कोणाच्या नेटवर्कमध्ये शिरलोय हे आधी असंच सबडोमेनमधून कळवायचं.

नेटस्टॅटमध्ये (चालू कनेक्शन दाखवणारी कमांड) फक्त एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सर्व्हिस चालवणारा प्रोसेस) दिसतं. अँटीव्हायरसवाल्यांचा सपोर्ट म्हणतो, "सर, आमचंच असेल, काळजी करू नका." 'असेल' वर माझं समाधान होत नाही. नक्की कसं ओळखायचं?

लॉगवेडा:
सपोर्टवाला अगदीच थापा मारत नसेल. काही अँटीव्हायरस फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) नावात घालून डीएनएसनेच विचारतात, "ही फाइल बरी आहे का?" उत्तर बहुधा १२७ ने सुरू होणाऱ्या पत्त्यात येतं.

फरक असा बघा. एकच फाइल दहा पीसींवर असेल तर हॅशचं तेच नाव दहाही ठिकाणांहून येणार. टनेलला हे परवडत नाही. तेच नाव पुन्हा विचारलं तर तुमचा सर्व्हर कॅशमधूनच (आधी साठवलेल्या उत्तरांतून) उत्तर देईल आणि क्वेरी बाहेर पडणारच नाही. म्हणून चोराला दर वेळी नवं नाव लागतं. लॉग सॉर्ट करा, डोमेनवार एकूण क्वेरी किती आणि वेगवेगळी नावं किती ते मोजा. नुसत्या लांबीवर जाऊ नका, सीडीएनची (वेबसाइटचा मजकूर जवळच्या सर्व्हरवरून पोचवणाऱ्या सेवांची) नावंही भयंकर लांब असतात.

निवांत_रूट:
नेटस्टॅटच्या नादी लागू नका. विंडोजमध्ये डीएनएस क्लायंट सर्व्हिस सगळ्यांच्या वतीने विचारते, म्हणून एसव्हीसीहोस्टच दिसणार. मायक्रोसॉफ्टचं सिसमॉन हे नोंदी ठेवणारं टूल टाका आणि इव्हेंट २२ बघा, क्वेरीमागचा खरा प्रोसेस त्यात सापडतो. आणि कृपा करून घाईने फॉरमॅट मारू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. ए वाल्या क्वेरी अँटीव्हायरसच्याच निघाल्या. उत्तरं १२७ ची, तीच नावं शेजारच्या पीसींवरही. टीएक्सटीवाल्यांचं डोमेन मात्र वेगळं आहे, आणि त्यातलं एकही नाव दुसऱ्यांदा आलेलं नाही. सिसमॉनमध्ये दिसणारा प्रोग्राम युजरच्या टेम्प फोल्डरमधून चालतोय. प्रत्येक क्वेरीत बरंच अंतर आहे. इतक्या हळू वेगात नेण्यासारखं असतं तरी काय?

लॉगवेडा:
वेगावर जाऊ नका. अमेरिकन संरक्षण खात्याच्या १९८५ च्या ऑरेंज बुकात (संगणक सुरक्षेचे निकष) सेकंदाला १ बिटाच्या आतली चोरवाट बहुतेक ठिकाणी चालण्यासारखी मानली होती. पण तो वेग म्हणजे दिवसाला दहा किलोबाइट. पासवर्ड न्यायला रग्गड झाले.

निवांत_रूट:
केबल काढा, पीसी बंद करू नका, आधी मेमरी डंप (रॅममधल्या मजकुराची प्रत) घ्या. व्यवस्थापनाला आत्ताच सांगा. सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. ते डोमेन सर्व्हरवर ब्लॉक करा आणि बाकीच्या पीसींच्या लॉगमध्येही शोधा.

धागाकर्ता:
केबल काढली, डंप चालू आहे, सचिवांना फोन झाला. आता काउंटरच्या पीसींपुरतं फॉरवर्डिंग बंद करून फक्त आतली नावं आणि अँटीव्हायरसचं डोमेन चालू ठेवायचा विचार आहे. विंडोज अपडेट आतल्याच सर्व्हरवरून होतात. विंडोज सर्व्हर २०१६ च्या डीएनएस पॉलिसीने सबनेटनुसार असं करता येतं का, की काउंटरसाठी वेगळा रिझॉल्व्हरच (नावं शोधून देणारा सर्व्हर) उभा करू? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.