तंबाखूच्या विषाणूचा दवाखान्यात काय उपयोग?

कुंभारीकर: मी सोलापुरात बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या (सूक्ष्मजीवशास्त्राच्या) शेवटच्या वर्षाला आहे. आई विड्या वळते. काल ती मांडीवर सूप घेऊन बसली होती आणि मी शेजारी मोठ्याने पाठ करत होते: तंबाखू मोझॅक विषाणू (तंबाखूच्या झाडाला रोग करणारा, कांडीसारखा), लांबी 300 नॅनोमीटर, आरएनएच्या (त्याच्या आनुवंशिक माहितीच्या) एका धाग्याभोवती 2,130 एकसारखी प्रथिनं, गोल जिन्यासारखी रचलेली. आई म्हणाली, "हे माझ्या तंबाखूत असतं होय? मग मला कसं काही होत नाही? आणि एवढं मोजून कुठल्या पेशंटला गुण आला?" माणसाला तो लागत नाही, एवढं सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसले. आईला पटेल असं कुणी सांगाल का?

निवृत्त प्राध्यापक: आईंनी मुद्द्याचं विचारलंय. स्टॅन्ली या रसायनशास्त्रज्ञाने 1935 साली याच विषाणूचे स्फटिक केले. पुढे रोझलिंड फ्रँकलिन या संशोधिकेने क्ष-किरणांनी दाखवलं की ही कांडी आतून पोकळ आहे आणि आरएनए प्रथिनांच्या भिंतीतच बसलेला आहे. पण मला सगळ्यात थोर वाटतो तो 1955 चा प्रयोग. प्रथिन आणि आरएनए वेगळे केले, परीक्षानळीत पुन्हा एकत्र केले, आणि कांड्या आपोआप जुळल्या. पानांना लागणसुद्धा झाली! तुकड्यांचा आकारच असा, की ते एकमेकांत बसतात. लसवाल्यांनी पुढे हाच गुण वापरला.

सिस्टर: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस घ्या. एचपीव्ही विषाणूचं एल1 हे एकच प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात. अशी 360 प्रथिनं, पाच-पाचच्या 72 गटांत, जुळून पोकळ गोळा होतो. आत विषाणूचा डीएनए, म्हणजे त्याची आनुवंशिक माहितीच नाही, म्हणून त्यापासून आजार होणं शक्य नाही. शरीर मात्र वरचं कवच ओळखून ठेवतं. पुण्यात बनणारी सर्व्हावॅक याच जातीची.

परसबागवाला: दारात मिरचीचं रोप असेल तर आईंना साबणाने हात धुऊनच शिवायला सांगा. हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो, मिरचीला लागतो.

कुंभारीकर: सगळ्यांचे खूप आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. तिने तेंदूचं एक पान घेतलं, तंबाखू न भरताच वळलं, दोरा बांधला आणि माझ्या हातात दिलं. "अशी का तुझी लस?" मी म्हटलं, अगदी अशीच. सिस्टर, धाकटी बहीण तेरा वर्षांची आहे. तिला किती डोस लागतील?

सिस्टर: दोन, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधराच्या आत घेतलेली बरी.