प्रतिसाद: रोल परत भरताय तर लेन्स ३५चीच ठेवा

फिल्म रोलच्या कॅमेऱ्याकडे परत वळताय हे वाचून फार आनंद झाला. कॅमेरा डोळ्याला लावला की चेहरे ताठ होतात, म्हणून लांबून टिपायला १३५ मिमीची, दूरचं जवळ आणणारी लेन्स घ्यावी का, असं विचारलंत. माझ्या मते नको. माणसं ताठरतात ती आपण फोकस रिंग फिरवत बसतो तेवढ्या वेळात. ३५ मिमीची रुंद दृश्य घेणारी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, फोकस ३ मीटरवर कायमचा. साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं, रिंगला हातच लावायचा नाही. ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता) फिल्म असेल तर मोकळ्या सावलीत १/२५० सेकंदाचा शटर वेग पुरतो. नागपूरच्या इतवारीतल्या गल्ल्यांत सकाळी अशी सावली हमखास मिळते. दुपारी मात्र डोळ्यांखाली काळं पडतं, तेव्हा कॅमेरा पिशवीतच बरा.

सुरुवात मारबतीपासून करा, म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून नागपुरात मोठे पुतळे मिरवत नेतात, त्या मिरवणुकीपासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं लक्ष काळ्या-पिवळ्या मारबतीकडे असतं, तुमच्याकडे कोण बघतंय? मिरवणुकीकडे पाठ करा आणि ओट्यावरच्या आजी, बापाच्या खांद्यावरचं पोर बघा. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ओठांवर असतानाच बटण दाबा. कोणी बघितलंच तर हसून मान डोलवा. नको म्हणाले तर तो फोटो खरंच सोडून द्या.