अर्धं पाऊच उरतं त्याचं काय? (मांजराचे नखरे की आमची चूक)

चतकोर (धागाकर्ता)

आमची भाटी चार वर्षांची, वजन साडेचार किलो, नाव चिमणी. (होय, मांजराचं नाव चिमणी. त्यावर वेगळा धागा काढू.) घरात तिच्या जेवणावरून रोज वाद होतो, म्हणून इथे टाकतोय.

८५ ग्रॅमचं वेट फूडचं पाऊच सकाळी फोडलं की बाईसाहेब वरची ग्रेव्ही चाटतात, चार तुकडे खातात आणि शेपटी वर करून निघून जातात. उरलेलं मी वाडग्यासकट फ्रीजमध्ये टाकतो. संध्याकाळी तोच वाडगा पुढे केला की एकदा हुंगते आणि वाडग्याशेजारची फरशी पुढच्या पंजाने खरवडायला लागते. शी केल्यावर वाळू ओढते ना, अगदी तस्संच. मी वाढलेल्या जेवणाबद्दल याहून स्पष्ट मत कोणी दिलेलं नाही.

बायको लगेच नवं पाऊच फोडते. माझं म्हणणं, फोडायचं नाही. वाडगा तिथेच राहू दे, भूक लागली की मुकाट खाईल. अर्धं पाऊच गेल्याचं काही नाही हो, पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. तुमच्याकडे काय करता?

उंबरठा

शंभर टक्के तुमच्या बाजूने.

आमच्या बोक्याने मला दोन वर्षं नाचवलं. मासा नको म्हणून चिकन, चिकन नको म्हणून बदक, बदकाला दोन दिवस मान आणि मग तेही नको. एकदा तर ओट्यावर तीन पाऊचं अर्धवट फोडलेली आणि महाराज रिकाम्या खोक्यात घोरतायत. त्या दिवशी ठरवलं, वेळ ठरलेली, चव ठरलेली. वीस मिनिटं वाडगा खाली, मग उचलायचा. पुढच्या वेळेपर्यंत काही नाही. पहिला आठवडा त्याने घर डोक्यावर घेतलं. आता वाडगा चाटूनपुसून ठेवतो.

नखरे मांजर करतं, पण शिकवतो आपणच. आज नाक मुरडल्यावर उद्या नवं पाकीट मिळत असेल, तर मीसुद्धा मुरडेन.

सातवी पायरी

‘भूक लागली की खाईल’ हे वाक्य मांजराच्या बाबतीत कृपया कोणी वापरू नका. मी वापरलं होतं.

आमचा बोका सात किलोचा, गोल गरगरीत. खाणं बदललं, त्याने तोंड फिरवलं, मी हट्टाला पेटले. एक दिवस, दोन, तीन. चौथ्या दिवशी त्याचा कान उलटा करून पाहिला तर आतली कातडी पिवळी. कावीळ. मांजर, त्यातही जाडं मांजर, खायचं थांबलं की अंगातली चरबी लोंढ्यासारखी यकृतात येते, यकृताला ती निस्तरता येत नाही आणि तेच बंद पडायला लागतं. पुढे पाच आठवडे त्याच्या मानेतून घातलेल्या नळीने सिरिंजभर पातळ खाणं, दिवसातून पाच वेळा. जगला. पण तो गजर अजून माझ्या कानात वाजतो.

मोठं मांजर पूर्ण एक दिवस काहीच खात नसेल तर तो नखरा धरायचा नाही, डॉक्टरला फोन करायचा. पिल्लू असेल तर तितकंही थांबायचं नाही. आणि रोज नीट खाणारं मांजर एकाएकी नखरे करायला लागलं तर आधी दात आणि हिरड्या बघा. दुखणारं तोंडही वाडग्याशी जाऊन परत येतं.

चतकोर

अहो, मी तिला उपाशी कुठे ठेवतोय? ड्राय फूडचा वाडगा दिवसभर भरलेला असतो. तेवढा दुष्ट नाही मी.

सातवी पायरी

मग भूक लागणार कुठून?

साडेचार किलोच्या घरमांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. मूठभर ड्राय फूड, म्हणजे ३० ग्रॅम धरलं, तर त्यातच शंभराच्या वर गेल्या. तिने दिवसभर येता-जाता दोन मुठी खाल्ल्या की जेवण झालं. तुमचं पाऊच ही तिची बडीशेप आहे.

उंबरठा

चला, म्हणजे माझाच मुद्दा आला. दिवसभर वाडगा भरून ठेवायचा नाही!

सातवी पायरी

तुमचा अर्धाच मुद्दा आला. वाडगा उचला, पण खात नसेल तर दिवस मोजत बसू नका.

वाफाळ

तुम्ही सगळे मांजराच्या स्वभावावर बोलताय. मला दोष फ्रीजचा वाटतो.

फ्रीजमधलं खाणं ४ अंशांना असतं. थंड खाण्याला वास सुटत नाही, आणि मांजर आधी नाकाने जेवतं. जिभेवर तसंही फार काही नसतं, गोड तर मांजराला कळतच नाही. त्या चवीचं एक जनुकच त्यांच्यात बंद पडलेलं आहे, हे २००५ मध्ये शोधलं गेलं. त्यामुळे चिमणीच्या दृष्टीने सकाळी समोर होतं ते मांस आणि संध्याकाळी आला तो थंडगार चिखल. तिने नुकताच मारलेला उंदीर साधारण ३८ अंशांचा असता, तेवढं ऊबदार करून द्या आणि मग नखऱ्यांबद्दल बोला.

करायचं काय, तर खाणं छोट्या डब्यात काढायचं, डबा गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवायचा, ढवळायचं, बोट घालून बघायचं. बोटाला गरम लागलं तर जास्त झालं, काहीच लागलं नाही तर बरोबर. मायक्रोवेव्ह नको असं मी म्हणत नाही, पण त्यात मधेच एखादा तुकडा उकळता निघतो आणि एकदा जीभ पोळली की ती चव कायमची बाद. घट्ट झालं असेल तर चमचाभर कोमट पाणी घाला. वेट फूडमध्ये तसंही पाऊण हिस्सा पाणीच असतं, आणि मांजर आपणहून फारसं पाणी पीत नाही. म्हणून तर बोक्यांचे लघवीचे खडे निघाले की डॉक्टर ओल्या खाण्याचा आग्रह धरतात.

आणि ते फरशी खरवडणं अपमान नव्हे. प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानटी मांजर) उरलेली शिकार पालापाचोळ्याने झाकून ठेवतो, तीच जुनी खोड घरात आली असं मानतात. म्हणजे उरलेलं नीट झाकून ठेवा असं ती सांगतेय, आणि तुम्ही उघडा वाडगा फ्रीजमध्ये सरकवताय.

शिळंपाकं

वाफाळ, गरम करण्याला हरकत नाही. तुम्ही काय गरम करताय त्याला आहे.

आपल्या भाषेत ‘उरलेलं’ आणि ‘उष्टं’ असे दोन शब्द आहेत, ते उगाच नाहीत. पाकिटात राहिलं ते उरलेलं. वाडग्यात राहिलं ते उष्टं. त्यात तोंड घातलंय, लाळ पडलीय, सकाळभर खोलीच्या हवेत बसलंय. चतकोर फ्रीजमध्ये ठेवतायत ते उष्टं. ते ठेवायचंच नाही. फेका.

टिन किंवा पाऊच सीलबंद असताना वर्षभर टिकतं, कारण आत भरून उष्णतेने निर्जंतुक केलेलं असतं. फोडलं की ते शिजवलेलं मांस, बाकी काही नाही. बाहेर दोन तास, फार तर. उकाडा असेल तर त्याहून कमी. फ्रीजमध्ये दोन, जास्तीत जास्त तीन दिवस. एकदा गरम केलेलं परत ठेवायचं नाही, कारण काही जंतू असं विष सोडतात की पुन्हा तापवून ते जात नाही.

रिकामं खोकं

काहीही. गल्लीतली मांजरं कचऱ्यातलं खाऊन धडधाकट फिरतात. आमच्याकडे टिन उघडा पाच दिवस असतो फ्रीजमध्ये. वास घेऊन बघतो, ठीक असला की देतो. आजवर काही झालेलं नाही.

शिळंपाकं

गल्लीतली जी फिरतात ती तुम्हाला दिसतात. जी फिरत नाहीत ती दिसत नाहीत.

आणि वासावर जाऊ नका. लिस्टेरियासारखा जंतू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतो आणि वास देत नाही. तुमच्या नाकाला पाचव्या दिवशी ‘ठीक’ वाटतं, मांजराचं नाक तिसऱ्याच दिवशी वाडग्यावरून परत फिरतं. मग आपण त्याला नखरेल म्हणतो.

रिकामं खोकं

माझं मांजर खातं. पाचव्या दिवशीही खातं. विषय संपला.

उंबरठा

या एका बाबतीत मी शिळंपाकं यांच्या बाजूने, आणि हे लिहिताना जिवावर आलंय. आमच्याकडे एकदा असंच चार दिवसांचं दिलं, रात्री बोका तीनदा ओकला. पाकिटामुळेच ओकला हे मी छातीठोक सांगणार नाही. पण त्यानंतर ती एक चव त्याने जन्मात तोंडाला लावली नाही. ज्या खाण्यानंतर मळमळलं ते मांजर लक्षात ठेवतं.

भरतवाक्य नको

फ्रीझर कोणीच कसा काढला नाही?

मी मोठा टिन आणते, ४०० ग्रॅमचा. फोडला की पहिल्यांदा कोरड्या चमच्याने वाटण्या: आजचं काचेच्या डब्यात, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये. गोठलं की चौकोन पिशवीत. रात्री दोन चौकोन फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात, सकाळपर्यंत सुटतात. सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

पॅटे, म्हणजे वाटून एकजीव केलेलं वेट फूड, चांगलं गोठतं. ग्रेव्हीतले तुकडे मात्र नाही, सुटले की पाणी एकीकडे आणि स्पंजसारखे तुकडे एकीकडे. ग्रेव्हीवाल्या मांजराला ते देऊन तुम्ही स्वतःचीच फजिती कराल.

वाफाळ

माझ्या दोन्ही भाट्यांनी गोठवलेल्या पॅटेला तोंड लावलं नाही. कोमट करूनही नाही. पोत बदलतोच, आपल्याला कळो न कळो. ज्याचं मांजर मुळातच चोखंदळ आहे त्याने मोठा टिन आणायचाच कशाला? छोटी पाऊचं आणा, अर्धं सकाळी अर्धं संध्याकाळी, विषय मिटला.

भरतवाक्य नको

छोट्या पाऊचांचा कचरा बघितलाय का महिन्याचा? ते पाऊच धुऊनही कोणी घेत नाही. टिन निदान भंगारात जातो.

वाफाळ

हा मुद्दा मान्य. उत्तर नाही माझ्याकडे.

उंबरठा

एक राहिलं. चव यावी म्हणून कोणी आपल्या ताटातला रस्सा वर ओतत असेल तर थांबा. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेला असो वा पूड. टुनाच्या डब्यातलं पाणी चमचाभर चालेल, बिनमिठाचं असेल तर. पण रोज नुसता टुना म्हणजे जेवण नव्हे. पाकिटावर ‘पूर्ण आहार’ लिहिलंय की ‘पूरक’, तेही वाचा. टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य) कमी पडलं तर मांजराचं हृदय सैल पडतं, हे १९८७ मध्ये कळलं आणि त्यानंतर कंपन्यांनी त्याचं प्रमाण वाढवलं. पूरक पाकिटावर ती हमी नसते.

चतकोर

अहवाल देतो.

ड्राय फूडचा वाडगा उचलला, आता सकाळ-संध्याकाळ मोजून. पाऊच फोडलं की वाढायच्या आधीच अर्धं कोरड्या चमच्याने काचेच्या डब्यात, झाकण, वर तारखेची चिठ्ठी. वाडग्यात उरलं ते सरळ फेकतो (फेकताना हात अडखळतो, पण फेकतो). संध्याकाळी डबा गरम पाण्यात, बोटाची परीक्षा, मग वाढतो.

पहिल्या संध्याकाळी हुंगलं आणि गेली. मी उंबरठा यांची वीस मिनिटं लावली. अठराव्या मिनिटाला परत आली, जणू इथून सहज चालली होती, आणि दोन तृतीयांश खाल्लं. मग फरशी खरवडली. खरवडण्यावर उपाय दिसत नाही.

बायकोचं म्हणणं, दिवसभर ड्राय फूड भरून ठेवणारा कोण होता ते धाग्यात लिही. लिहिलं.

उंबरठा

वीस मिनिटं! नोंद घ्यावी.

वाफाळ

कोमट होतं म्हणून आली. तीही नोंद घ्यावी.

शिळंपाकं

आत्ता फ्रीजमध्ये डबा आहे का? चिठ्ठीवर तारीख कुठली?

चतकोर

परवाची.

शिळंपाकं

मग आज संध्याकाळी संपवा. उद्या चौथा दिवस.