व्हिएन्नातले राजवाडे : आईबाबांना आधी कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी,

दसरा झाला की आईबाबा नाशिकहून तीन आठवड्यांसाठी येताहेत. बाबा निवृत्त शिक्षक, इतिहास म्हणजे जीव की प्राण. पण गुडघे फार कुरकुरतात, त्यामुळे एका दिवसात खूप चालणं झेपणार नाही. शोनब्रुन, होफबुर्ग आणि बेल्व्हेडेअर यांपैकी आधी कुठे न्यावं? पहिल्यांदाच येताहेत, पुन्हा कधी जमेल देव जाणे. कुणी आपल्या घरच्यांना नेलं असेल तर कृपया सांगा.

— फाव्होरिटेनहून

*

अगं, आधी शोनब्रुन. आणि त्या दिवशी दुसरं काही म्हणजे काही ठेवू नकोस.

१,४४१ खोल्यांचा वाडा आहे, त्यातल्या थोड्याच बघायला मिळतात. सहा वर्षांचा मोझार्ट १७६२ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे इथेच वाजवून गेला. सम्राट फ्रांझ योझेफ १८३० मध्ये इथेच जन्मला आणि १९१६ मध्ये इथेच गेला. त्याची साधी लोखंडी खाट बघून बाबा नक्की थबकतील. पण मला सांगायचंय ते ‘मिलियनची खोली’ म्हणतात तिच्याबद्दल.

मारिया थेरेसाची ही खासगी बैठकीची खोली. भिंतींना शिसवीच्या जातीचं महागडं लाकूड, त्यात सोनेरी वेलबुट्टीच्या वेड्यावाकड्या ६० चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत मुघल दरबारातली लघुचित्रं. आपल्याकडची! हत्ती, शामियाने, पगड्या, बागा. चित्रं चौकटींत बसेनात म्हणून राजघराण्यातल्या मंडळींनी ती कापली आणि तुकडे जुळवून चिकटवली.

गेल्या वर्षी आई आली तेव्हा मी घाईत एका मध्यस्थ साइटवरून तिकिटं काढली. पैसे जवळजवळ दुप्पट गेले आणि हातात आली ती छोट्या फेरीची. ही खोली त्या फेरीत येतच नाही. मला इतकं लागलं की पुढच्या आठवड्यात राजवाड्याच्या स्वतःच्या साइटवरून मोठ्या फेरीची काढून तिला पुन्हा नेलं. दोरीपाशी उभं राहून आई बराच वेळ एकाच चौकटीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “हे बघ, आभाळाचा रंग इथे बदलतो. ही दोन वेगळी चित्रं आहेत.” खरंच होतं. निळ्यात एक बारीक सांधा होता आणि त्याच्या पलीकडचं झाड अर्धंच होतं. आई जन्मभर गोधड्या शिवत आली, तिला जोड बरोबर दिसतो. ज्याने महिनोन्‌महिने बसून एका केसाच्या कुंचल्याने ते झाड काढलं असेल, त्याचं नावही तिथे नाही. मला तिथे भरून आलं. एवढ्या कौतुकाने जपलेलं आणि तरी कात्री लावलेलं.

आत डोळे भरून बघा. तिकिटावर वेळ असते, ती सकाळची घे. जिना नको असेल तर लिफ्ट आहे. वर टेकडीवर ग्लोरिएट नावाचा कमानींचा मंडप आहे, तिथपर्यंत बाबांना चालवू नकोस, बागेत फिरणारी छोटी गाडी तिथे थांबते. बागेला तिकीट नाही. डबा नेऊन बाकावर बसलात तर दुपार छान जाईल.

बाबांना चित्रांची गोडी लागली तर श्टुबेनरिंगवरच्या उपयोजित कलांच्या संग्रहालयात अकबराच्या हम्झानाम्याची, म्हणजे अमीर हम्झाच्या शौर्यकथांच्या सचित्र ग्रंथाची, ६० पानं आहेत. १८७३ च्या जागतिक प्रदर्शनात विकत घेतलेली. सगळी कायम मांडलेली नसतात, आधी चौकशी करून जा.

— मीडलिंगची ताई

*

ताईंशी सहमत, पण बेल्व्हेडेअर गाळू नका ही कळकळीची विनंती. बाबा इतिहासाचे आहेत ना, मग तो वाडा त्यांचाच आहे.

बांधणारा राजपुत्र ऑयगेन. पॅरिसमध्ये जन्मला, चौदाव्या लुईने सैन्यात घेतलं नाही, म्हणून इकडे आला. १६८३ मध्ये तुर्कांचा व्हिएन्नाला पडलेला वेढा उठवणाऱ्या फौजेत तो होता, वीस वर्षांचाही नव्हता. त्याच साली दख्खनेत संभाजीमहाराज औरंगजेबाशी झुंजत होते! बाबांना ही तारीख सांगा, पुढचं ते स्वतःच जोडतील.

वरच्या वाड्यात चित्रकार क्लिम्टचं ‘चुंबन’ हे चित्र आहे, तिथे गर्दी असते. पण संगमरवरी दालनात जरूर थांबा. १५ मे १९५५ रोजी इथेच करारावर सह्या झाल्या आणि चार विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यातला ऑस्ट्रिया मोकळा झाला. मी दर वर्षी त्या दिवशी जाऊन येतो. आपण ज्या देशात पोटासाठी आलो, त्याचं स्वातंत्र्य कुठे उजाडलं ते मुलांना दाखवायला हवं असं मला फार वाटतं.

गुडघ्यांसाठी एक गोष्ट : डी ट्रामने वरच्या वाड्याशी उतरा आणि बाग उतरत खालच्या वाड्याकडे या. उलट केलंत तर सगळा चढ लागेल.

होफबुर्गमध्ये फ्रांझ योझेफची राणी सिसी हिची दालनं सोडलीत तरी चालेल, राष्ट्रीय ग्रंथालयाचं जुनं दालन सोडू नका. ऑयगेनची सुमारे १५,००० पुस्तकं तिथेच आहेत.

— डोनाउस्टाटचा काका

*

ताई, काका, मनापासून आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “चष्म्याचा नंबर बदलूनच येते.”

पहिल्या आठवड्यात शोनब्रुन, मोठी फेरी, सकाळची वेळ. तिकिटं आत्ताच काढली. दुसऱ्या आठवड्यात बेल्व्हेडेअर, वरून खाली. तिसऱ्यात ग्रंथालय.

काका, बेल्व्हेडेअरला तुम्ही बरोबर याल का? बाबांना माझ्याशी इथला इतिहास बोलून समाधान होत नाही. डबा आमच्याकडून, पुरणपोळ्या आई करणार आहे.

— फाव्होरिटेनहून