प्रतिसाद: पन्नाशी आणि अंदमान

पन्नासावा वाढदिवस अंदमानात साजरा करण्याच्या या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की तिथल्या हॅवलॉक बेटावर (आता स्वराज द्वीप) पन्नाशीचा केक राधानगर बीचवर संध्याकाळी सातला कापायचा. कल्पना झकास, पण वेळ तेवढी बदला. अंदमान इतकं पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सातला मिट्ट काळोख असतो. अंधार पडायला लागला की शिट्ट्या मारून सगळ्यांना किनाऱ्यावरून बाहेर काढतात, मेणबत्त्या वगैरे विसराच. चारला पोचलात तर फोटोही चांगले येतील.

दुसरं, स्कूबाबद्दल (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली डाइव्ह, म्हणजे बुडी मारणं) अजून कुणी बोललेलं दिसत नाही. पाण्यात उतरण्याआधी तब्येतीचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात ४५ वर्षांवरच्यांसाठी वेगळे प्रश्न असतात: सिगारेट, कोलेस्टेरॉल, रक्तदाब. एखाद्याला 'हो' म्हटलंत की डॉक्टरांची सही लागते. आमच्या ग्रुपातल्या एकाला बीपीची गोळी चालू होती. बेटावर ऐनवेळी सर्टिफिकेट कुठून आणणार? बाकीचे खाली मासे बघत होते आणि हा होडीत बसून आमच्या चपला सांभाळत होता, वर दिवसभर त्यावरून त्याने आम्हाला शिव्याही घातल्या. तेव्हा सही इथूनच घेऊन जा. आणि डाइव्ह शेवटच्या दिवशी ठेवू नका: एका डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास, जास्त केल्या तर १८ तास जाऊ द्यावे लागतात.