शांतता शिक्षण बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

साधासरळ: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'कॉलेजातलं शांतता शिक्षण म्हणजे पोस्टर स्पर्धा आणि मेणबत्त्या. बंद करा.' डोकंच फिरलं. पोस्टरांना खुशाल नावं ठेवा. पण उत्तर आयर्लंडमध्ये १९८१ साली पालकांनीच लगन कॉलेज काढलं, ते काय पोस्टर होतं? बाहेर बॉम्ब फुटत होते आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट मिळून २८ मुलं एका शाळेत शिकायला आली.

उलटतपासणी: आली, मान्य. पण चाळीस वर्षं उलटली तरी तिथल्या अशा एकत्र शाळांत दहा टक्केसुद्धा मुलं नाहीत. आणि नुसतं शेजारी बसवून काय होतं? मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्टने १९५४ मध्येच सांगितलंय, वैर कमी व्हायचं तर दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, काम मिळून करायला हवं, वरून पाठबळ हवं. कॉलेजातल्या दोन दिवसांच्या शांतता शिबिरात यातलं काय जमतं?

रातपाळी: शिबिराचं राहू द्या. मला 'समेट' या शब्दाचीच चीड आहे. हॉस्टेलात चौघांनी माझी वही फाडली, गादी भिजवली. मध्यस्थी म्हणून पाचही जणांकडून एकाच मजकुराचा माफीनामा लिहून घेतला. माझ्याकडूनही! त्या रात्री ओल्या गादीवर वर्तमानपत्रं अंथरून झोपलो.

साधासरळ: हे वाईटच झालं. पण याला मध्यस्थी म्हणू नका, हे प्रकरण दडपणं आहे.

उलटतपासणी: सगळीकडे हेच होतं! रवांडात वंशसंहारानंतर गावकऱ्यांसमोर भरणाऱ्या गचाचा न्यायालयांत कबुली दिली की शिक्षा कमी व्हायची. त्यातली मनापासूनची किती, कोण सांगणार?

रातपाळी: निदान कुणी काय केलं ते तिथे गावासमोर बोललं तरी गेलं. मला तेवढंही कुणी विचारलं नाही.

मातीची चूल: मी तीन वर्षं विद्यार्थी मध्यस्थ होते. आमचा नियम एकच, समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने सांगायचं. एक मुलगा तीनदा अडखळला. चौथ्यांदा म्हणाला, "तुला वाटलं, मी तुझ्या बोलण्याची नक्कल करतो." मग मान खाली घालून बोटाने टेबलाची कड घासत राहिला. मैत्री नाही झाली त्यांची, हाणामारी थांबली. शांततेचा अभ्यासक गाल्टुंग, त्याच्या हिशोबात ही नकारात्मक शांतता, म्हणजे नुसती हिंसा थांबलेली. मला तीही पुष्कळ वाटली.

उलटतपासणी: तीन वर्षं ना? मग माझंच म्हणणं खरं, शिबिरं बंद करा. तुमचं काम चालू ठेवा, एवढं मानतो. याहून जास्त नाही.

रातपाळी: तुमच्याकडे आलो असतो तर वही कुणी फाडली, हे विचारलं असतंत?

मातीची चूल: तेच आधी विचारलं असतं, तेही तुला एकट्याला. आणि तू नको म्हणाला असतास, तर त्यांच्यासमोर बसवलंच नसतं.