टायब्रेकर बरोबरीत, अंधार पडला न् कमिटीनं टॉस केला, चालते का हे?

दिग्रसचा_लेफ्टबॅक

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातून लिहून राह्यलो, गाव सांगत नाई कारण कमिटीतले अर्धे लोक नात्यातले हायेत. दिवाळीच्या सुट्ट्यायमंधी आमच्या इकडं १७ वर्षांखालची फुटबॉल टूर्नामेंट झाली, सोयाबीन निघालेल्या वावरात, बल्ल्यायचे गोलपोस्ट न् मच्छीचं जाळं, फक्कीनं लाइनी मारल्या. पहिलं बक्षीस ११ हजार न् शिल्ड, दुसरं ७ हजार. आमचे पोट्टे फायनलले गेले. मी त्यायचा कोच वगैरे नाई, सकाळी त्यायच्या संग पयतो न् शिट्टी माह्याजवळ रायते एवढंच.

फायनल ३ वाजता होती. प्रमुख पाहुणे आले पावणेपाचले, मंग सत्कार, मंग नारळ, मंग भाषण, मॅच सुरू व्हाले पाच वाजले. २०-२० मिनिटायची खेळवली, झिरो झिरो. टायब्रेकर लागला, म्हंजे पेनल्टी किका, पाच-पाच झाल्या, बरोबरी, मंग एकेक किकची सडन डेथ सुरू झाली, ७-७ झाले. तोवर अंधार असा पडला का गोलकीपर म्हणे मले बॉलच दिसत नाई. चार-पाच जणायनं मोटरसायकलीचे हेडलाइट लावले तर ते त्याच्या डोळ्यातच. मंग कमिटीवाले धावत आले, खिशातून पाच रुपयांचा ठोकळा काढला न् टॉस. आम्ही हारलो. आमचा कॅप्टन दहावीतला पोरगा हाय, तो काही बोललाच नाई, बूट काढले न् अनवाणी घरी गेला, ते मले जास्त लागलं.

मी बोललो तर त्यायनं पॅम्पलेट दाखवलं, खाली छापलं होतं "अंतिम निर्णय आयोजकांचा राहील". आता सांगा, फुटबॉलमंधी फायनल टॉसवर देता येते का? रूल काय म्हणते? भांडाले नाई विचारून राह्यलो, खरंच माहीत पायजे.

क्रिकेटच_बरं

म्हणून सांगतो क्रिकेट खेळा. डकवर्थ लुईस लावला असता 😂

राइटविंग_राजुरा

वरच्या भाऊकडं दुर्लक्ष करा.

लेफ्टबॅक भाऊ, तुमच्या वावरात जे झालं ना ते तसंच्या तसं ढाक्यात झालं आहे, ते पण आंतरराष्ट्रीय मॅचमधे. मी स्वतः फोनवर बघत होते, दुसऱ्या दिवशी कॉलेजात पेपर होता तरी. ८ फेब्रुवारी २०२४, सॅफची (दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ) १९ वर्षांखालच्या मुलींची फायनल, भारत वि. बांगलादेश, कमलापूरचं स्टेडियम. चारच टीम होत्या, हे दोन आणि नेपाळ, भूतान. लीगमधे बांगलादेशनं आपल्याला १-० हरवलं होतं, सागरिका म्हणून त्यांची स्ट्रायकर आहे, तिनं अगदी शेवटी गोल मारून. फायनलला शिबानी देवीनं सुरवातीलाच गोल केला आणि मग आपण पूर्ण मॅच तो एक गोल सांभाळत बसलो. इंज्युरी टाइममधे परत तीच सागरिका! १-१. मी मोबाइल उशीवर आपटला.

एक्स्ट्रा टाइम नव्हता, सरळ टायब्रेकर. आणि खरं सांगते, असा टायब्रेकर मी आजवर पाहिला नाही. ११ च्या ११ पोरींनी मारल्या, त्यांच्याही ११ जणींनी, दोन्ही गोलकीपरनी सुद्धा, आणि २२ पैकी एकही चुकली नाही. ११-११. आता नियमानं पुन्हा पहिलीपासून सुरू व्हायला पाहिजे ना? तर मॅच कमिशनरनं टॉस करायला लावला. टॉस आपण जिंकलो, आपल्या पोरी नाचत पळाल्या, इकडं बांगलादेशच्या पोरी मैदान सोडायलाच तयार नाहीत, प्रेक्षक बाटल्या फेकायला लागले. थोड्या वेळानं कमिशनरच्या लक्षात आलं की स्पर्धेच्या नियमात टॉस कुठं लिहिलेलाच नाही, मग म्हणे निर्णय मागे, परत किका मारा. आपली टीम मैदानातून निघून गेली. लई वेळ ताटकळत ठेवल्यावर शेवटी दोघांना संयुक्त विजेते जाहीर केलं.

इथं बरेच जण म्हणतील आपण परत खेळायला पाहिजे होतं. मला नाही पटत. एकदा तुम्ही जिंकलात म्हणून सांगितलं, पोरींनी मिठ्या मारल्या, रडून झालं, अंग थंड पडलं, मग परत उभं राहून पेनल्टी मार म्हणायचं? पण बांगलादेशचं चुकलं असंही म्हणणार नाही, टॉसनं कप घालवायला कोण तयार होईल. चूक खेळणाऱ्यांची नव्हतीच दोन्हीकडं.

निवृत्त_पीटी_सर

नमस्कार. ३१ वर्षे जिल्हा परिषद व नंतर खाजगी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले, सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या तालुका-जिल्हा मॅचेस शेकड्यांनी केल्या, त्यामुळे चार गोष्टी सांगतो.

फुटबॉलच्या नियमांत टायब्रेकर दहाव्या नियमात येतो. त्यात टॉस दोनदा होतो, एक कोणत्या गोलकडे किक मारायच्या त्यासाठी आणि दुसरा पहिली किक कोणाची त्यासाठी. तिथे नाण्याचे काम संपले. पाच-पाच किकनंतर बरोबरी असेल तर एकेक किक, जोपर्यंत सारख्याच किकमध्ये एकाचा गोल जास्त होत नाही. गोलकीपरसकट सर्वांनी मारल्याशिवाय कोणालाही दुसऱ्यांदा मारता येत नाही, आणि सर्वांचे झाले की पुन्हा नवीन फेरी, त्यात क्रम बदलला तरी चालतो. कितीही फेऱ्या होवोत. ढाक्याला हेच व्हायला हवे होते. राइटविंग ताईंनी छान लिहिले, फक्त एक भर घालतो, मॅच कमिशनर म्हणजे रेफ्री नव्हे, तो आयोजनावर देखरेख ठेवणारा माणूस. मैदानातला खेळ रेफ्रीचा. गावात पण हाच घोळ असतो, रेफ्री बाजूला आणि कमिटीचा अध्यक्ष शिट्टी वाजवतो.

आता तुमच्या मॅचबद्दल. अंधारामुळे खेळ पुढे नेता येत नसेल तर तो सामना अर्धवट थांबला असे धरतात आणि अर्धवट थांबलेला सामना पुन्हा खेळवतात, स्पर्धेच्या नियमात किंवा आयोजकांनी वेगळे ठरवले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे आयोजकांना काहीच अधिकार नाही असे नाही. पण माझ्या मते ते आधी ठरलेले हवे, दोन्ही कॅप्टनना टायब्रेकरच्या आधी सांगितलेले हवे. सात-सात झाल्यावर खिशात हात घालायचा आणि मग पॅम्पलेटची शेवटची ओळ दाखवायची, याला निर्णय म्हणत नाहीत.

कामठी_कट्टा

सर एक नंबर 🙏

पण एक सांगतो, टॉस काही आभाळातून पडला नाही, एकेकाळी हाच रूल होता भाऊ. १९६८ च्या युरो कपची सेमी फायनल, इटली आणि सोव्हिएत युनियन, नेपल्सला, एक्स्ट्रा टाइम पण ०-० गेला आणि नाणं उडवलं. इटलीचा कॅप्टन फाकेट्टी टॉस जिंकून आला आणि टीम फायनलला! पुढं इटलीनं कप पण उचलला. असल्या भानगडी झाल्या म्हणूनच १९७० ला टायब्रेकर नियमात आला. म्हणजे तुमच्या कमिटीवाल्यांनी रूल मोडला नाही म्हणा, ५० वर्षं मागे गेले फक्त 😄

बाकी भारत-बांगलादेशच्या ज्युनियर पोरांचं टायब्रेकरशी काय नातं आहे समजत नाही. २०१५ ला सिल्हेटला १६ खालची फायनल, १-१, टायब्रेकरमधे त्यांनी नेली. २०२५ ला मे महिन्यात अरुणाचलला युपियाला १९ खालची फायनल, परत १-१, यावेळी आपण ४-३ नं काढली, शमी कॅप्टन होता, त्यानंच दुसऱ्या मिनिटाला फ्रीकिक घातली आणि शेवटची पेनल्टी पण त्याचीच. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलंबोला १७ खालची, २-२, परत टायब्रेकर, ४-१ आपण. त्या मॅचला तर आपण पुढं होतो आणि अगदी शेवटच्या क्षणाला बरोबरी खाल्ली, आमच्या इथं चहाच्या टपरीवर १०-१२ जण होते, एकानं कप फेकला, चहा माझ्या शर्टावर.

आणि २०१७ विसरू नका, थिंफूला १८ खालची स्पर्धा, आपण ३-० नं पुढं होतो, ती मॅच बांगलादेशनं ४-३ नं जिंकली. तेव्हापासून मी बांगलादेशविरुद्ध शिट्टी वाजेपर्यंत फटाके काढत नाही.

कमिटीवाला_पण_माणूस

सगळे कमिटीवर तुटून पडले म्हणून लिहितो. मी आमच्या गावच्या टूर्नामेंटमधे ८ वर्षं आहे (लेफ्टबॅकच्या गावचा नाही, गैरसमज नको). दुसऱ्या दिवशी खेळवा म्हणणं सोपं आहे. वावर कोणाचं असते? शेतकऱ्याचं. त्यानं दोन हप्ते थांबून दिलं हेच लय झालं, उद्या सकाळी ट्रॅक्टर येणार आणि हरभरा पेरणार. जनरेटर आणायचा तर भाडं कोण देते, वर्गणी मागायला गेलं का लोक दार लावून घेतात. समोरची टीम २५ किलोमीटरवरून ॲपेमधे कोंबून आलेली असते, तिला परत बोलवायचं तर ॲपेचे पैसे पुन्हा. टॉस चुकीचा आहे हे मान्य, पण माणूस मुद्दाम करत नाही.

दिग्रसचा_लेफ्टबॅक

दादा तुमचं पटते, पेरणीचं तर खरंच हाय, आमच्या वावरावर दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर फिरला, फक्कीच्या लाइनी सकट. पण पावणेदोन घंटे पाहुण्याची वाट पायली त्याचं काय? वावर वाट पाहत नाई, सूर्य वाट पाहत नाई, फक्त पोट्ट्यायनं वाट पायाची. तीनले सुरू झाली असती तर २२ किका झाल्या असत्या तरी उजेड होता.

निवृत्त_पीटी_सर

हे मात्र खरे. माझ्या नोकरीत जेवढ्या मॅच अंधारात अडकल्या त्यातल्या निम्म्या सत्कारामुळे. शेवटी मी शाल-श्रीफळ मॅचनंतर ठेवायला लागलो. एक-दोन पाहुणे रागावले, एकाने तर पुढच्या वर्षी शिल्ड दिली नाही. मुलांना त्याने काही फरक पडला नाही.

राइटविंग_राजुरा

लेफ्टबॅक भाऊ, कॅप्टन पोराचं काय? खेळायला येतो का?

दिग्रसचा_लेफ्टबॅक

चार दिवस आला नाई. मी घरी गेलो, त्याची माय म्हणे बोलतच नाई कोणासंग, वावरात जाते न् येते. त्याले काय समजवू म्हणून तुम्ही लिहिलेलं ढाक्याचं दाखवलं मोबाइलवर. पूर्ण वाचलं त्यानं. मंग विचारलं, "२२ पैकी एकपण नाई चुकली?" म्हटलं नाई. म्हणे "आपल्या तर ३ चुकल्या." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचले बॉल घेऊन उभा, एकटाच पेनल्टी मारून राह्यला शाळेच्या भिंतीवर. त्यो बॉल पण कोणता तर २०१७ चा, आपल्या इकडं मुलांचा वर्ल्डकप होता तवा सरकारनं शाळाशाळेत वाटले होते त्यातला, चार वेळा शिवला आम्ही.

कामठी_कट्टा

पोरगा कामाचा आहे. कधी कामठीकडं आला तर सांग, इथं मैदानावर सकाळी कोणी ना कोणी असतेच, इथल्या रब्बानी क्लबच्या मॅच बघायला घेऊन जाऊ त्याला.

दिग्रसचा_लेफ्टबॅक

अपडेट देतो, म्हणून धागा वर आणला. पीटी सरायनं लिहिलेलं न् ढाक्याचं सगळं प्रिंट काढून कमिटीच्या अध्यक्षाले दिलं. भांडलो नाई. दोन दिवसानं बोलावलं, समोरच्या गावचे पण आले. ढाक्यासारखं करू म्हणे, दोघं पण विजेते. ११ न् ७ मिळून १८ हजार, ९-९ वाटून घेतले. समोरच्या गावचा कॅप्टन भला पोरगा निघाला, म्हणे आम्हाले पण टॉसचा कप घरी ठेवाले कसंतरी वाटत होतं.

राइटविंग_राजुरा

अरे वा!! आणि शिल्ड? एकच आहे ना?

दिग्रसचा_लेफ्टबॅक

हो ना. सहा महिने त्यायच्याकडं, सहा महिने आमच्याकडं.

क्रिकेटच_बरं

पहिले सहा महिने कोणाकडं?

दिग्रसचा_लेफ्टबॅक

त्याच्यासाठी टॉस झाला. हारलो.